सर्व्हर भोसरीत, टेप कोथरूडात: रिमोट टेपवर बॅकअप पहिल्यांदा लावताना

नुकतंच सिस्टीमचं काम अंगावर आलंय, पाच-सहा लिनक्स सर्व्हर आहेत आणि साहेबांनी सांगितलंय की टेपवर बॅकअप चालू करा, पण टेप ड्राइव्ह सर्व्हरच्या शेजारी नाही तर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी जसं लावलंय तसंच सांगतो. भोसरी एमआयडीसीत कारखाना, तिथे सहा सर्व्हर, सगळा मिळून ३ टीबी डेटा. कोथरूडला छोटं ऑफिस, तिथे एक बॅकअप मशीन आणि त्याला लावलेला एलटीओ-७ ड्राइव्ह (एलटीओ हा टेपचा प्रकार, ७ ही त्याची पिढी). मध्ये १०० एमबीपीएसची लाईन. तुमचे आकडे वेगळे असतील पण हिशोब हाच.

आधी एक प्रश्न निकालात काढू, कारण तो तुम्हाला शंभर टक्के विचारला जाणार, की आता क्लाउड असताना टेप कशाला. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या बगमुळे काही लोकांच्या मेल गायब झाल्या होत्या, गूगलकडे त्याच डेटाच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये कॉप्या होत्या पण बग सगळ्या कॉप्यांवर चालला, आणि शेवटी मेल परत आल्या त्या टेपवरून. ऑनलाईन असलेली प्रत्येक कॉपी ऑनलाईन चुकीच्या तावडीत असते. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत ना बग पोचतो ना रॅन्समवेअर. मला टेप आवडते ती याचसाठी.

आणि लांब का, तर पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याच्या गोष्टी पेठेतल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतात, ती जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वरकडे घुसलं आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत सोसायट्यांचे खालचे मजले पाण्यात गेले. सर्व्हर आणि टेप एकाच बिल्डिंगमध्ये असतील तर पाणी, आग, चोरी यातलं काहीही दोघांना एकदमच गाठणार. ड्राइव्ह तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये ठेवू नका हे पण इथेच सांगून टाकतो.

पायरी १: कागदावर हिशोब

कमांड टाइप करायच्या आधी पेन घ्या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तेही लाईन पूर्ण मोकळी असेल तर. रात्री १० तास मिळाले तर ४५० जीबी जातात. ३ टीबीचा फुल बॅकअप या लाईनवरून न्यायचा म्हटलं तर जवळपास ६७ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. आता दुसरी बाजू बघा. एलटीओ-७ टेपवर कॉम्प्रेशन न धरता ६ टीबी मावतात आणि ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीने लिहितो. (खोक्यावर १५ टीबी लिहिलेलं असतं तो अडीचपट कॉम्प्रेशन धरलेला आकडा आहे, फोटो, व्हिडिओ, झिप फाईलींवर तो कधीच मिळत नाही, खरेदी करताना नेहमी नेटिव्ह आकडाच धरा.)

म्हणजे ड्राइव्ह मागतोय ३०० आणि लाईन देतेय साडेबारा. इथेच नवीन माणसाचा घोटाळा होतो. वाटतं की ठीक आहे, हळू जाईल, पण जाईल तर. टेपला हळू जाता येत नाही. ड्राइव्ह आपला वेग थोडा कमी करतो, एलटीओ-७ साधारण शंभराच्या आसपास उतरतो, पण त्याच्याही खाली डेटा आला की त्याला थांबावं लागतं, आणि पळणारी टेप जागच्या जागी थांबत नाही, पुढे जाते, मग मागे घ्यावी लागते, मग परत वेग पकडून जिथे तुटलं तिथून लिहायचं. याला शू-शाइनिंग म्हणतात, बुटाला पॉलिश मारताना फडकं कसं पुढेमागे जातं तसं. एकदा ड्राइव्हजवळ कान नेऊन ऐका: नीट चालू असेल तर एकसुरी सूं असा आवाज येत राहतो, उपाशी असेल तर सूं, खट्, उलटं सूं, परत सूं, दर काही सेकंदांनी. हा आवाज रात्रभर चालला तर टेप आणि हेड दोन्ही झिजतात आणि बॅकअपही संपत नाही.

ऑफिसमध्येच एक गिगाबिट नेटवर्क असलं तरी ते जेमतेम ११० एमबी देतं, म्हणजे तिथेही काठावरच.

पायरी २: मध्ये डिस्क ठेवा

यावरचा उपाय सोपा आहे. कोथरूडच्या मशीनमध्ये सर्व डेटा मावेल एवढी डिस्क टाका, पाच-सहा हार्ड डिस्कचं रेड (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी जोडणी) असलं तर उत्तमच. रात्री लाईनवरून फक्त बदललेलं आणायचं, आरसिंकने, आमचं रोजचं बदललेलं ३०-४० जीबीच्या वर जात नाही, तासाभरात येतं. मग त्या डिस्कवरून टेपवर लिहायचं, तिथे लाईनचा संबंधच उरत नाही. ३ टीबीला पावणेतीन तास लागतात. पहिली फुल कॉपी मात्र लाईनवरून आणत बसू नका, एका पोर्टेबल डिस्कवर भोसरीत कॉपी करा, डिस्क एन्क्रिप्ट करा आणि स्वतः घेऊन या, पिंपरी-चिंचवडहून कोथरूडला कितीही ट्रॅफिक लागलं तरी ६७ तास नाही लागत.

कंपनी कायद्याखालच्या अकाउंट्सच्या नियमांत ऑगस्ट २०२२ पासून हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवायला सांगितलंय. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ही डिस्कवरची कॉपी त्या कामाला येते, टेप ही तिच्या मागची. आणि वह्या ८ आर्थिक वर्षं जपायच्या असतात, तिथे टेपच परवडते. तपशील तुमच्या सीएंना विचारून घ्या.

पायरी ३: ड्राइव्ह जोडणे

ड्राइव्ह सॅस केबलने लागतो. त्यासाठी साधं सॅस एचबीए कार्ड (मशीनला ड्राइव्ह जोडून देणारं कार्ड) घ्या, रेड कार्डाला टेप जोडायचा खटाटोप करू नका, बरीच कार्डं टेप ओळखतच नाहीत किंवा मध्येच सोडतात. पॅचकॉर्ड वगैरे तपकीर गल्लीतून उचला, पण सॅस केबल कार्डाचा आणि ड्राइव्हचा मॉडेल नंबर सांगून मागवा कारण बाहेरच्या सॅस कनेक्टरचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

जोडून मशीन चालू केलं की एलएस-स्कझी कमांड मारा, यादीत टेप दिसली पाहिजे. मग एमटी कमांडने (टेप पुढेमागे नेणं, गुंडाळणं हिच्यानेच होतं) स्टेटस बघा. आता लिनक्स एकाच ड्राइव्हला दोन नावं देतो, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. हा एका अक्षराचा फरक नीट समजून घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एसटी-झिरो वापरलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी-झिरो वापरलं की टेप आहे तिथेच थांबते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी सात सर्व्हरचा बॅकअप एका टेपवर एकामागे एक घ्यायची स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि त्यात एसटी-झिरो होतं. पहिला सर्व्हर लिहिला, टेप गुंडाळली. दुसरा लिहिला तो पहिल्याच्या डोक्यावर. असं सातही. रोज सकाळी लॉगमध्ये सातही ओळी यशस्वी, कुठेही एरर नाही. चार महिने. मग तिसऱ्या सर्व्हरची डिस्क गेली, मी टेप घातली, यादी काढली, आणि स्क्रीनवर फक्त सातव्या सर्व्हरच्या फाईली. सगळ्या टेप पाहिल्या, सगळ्यांवर तेच. तो डेटा परत मिळाला नाही. तिथल्या डिझाइनच्या मुलांनी पाच-सहा आठवडे ड्रॉइंग परत काढली, त्यांच्या टेबलांसमोरून जाताना मला मान वर करवत नव्हती. म्हणून सांगतो, स्क्रिप्टमध्ये कायम एनएसटी-झिरो, आणि गुंडाळायचं असेल तेव्हा स्वतःच्या हाताने एमटीला रिवाइंड सांगायचं.

पायरी ४: डेटाबेस आधी फाईलीत उतरवा

चालू डेटाबेसच्या फाईली सरळ कॉपी केल्या तर मध्येच कापलेली अवस्था येते, परत उभी राहीलच असं नाही. म्हणून आधी डंप घ्या, म्हणजे सगळा डेटाबेस एका फाईलीत उतरवा: मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएल-डंप, सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून, पोस्टग्रेस असेल तर पीजी-डंप. डंपची फाईल शून्य साईजची तर नाही ना हे स्क्रिप्टने तपासलंच पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटच्या माणसाकडून चुकून डेटाबेस उडाला तेव्हा कळलं की पीजी-डंपचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे बॅकअप होतच नव्हते, आणि फेल झाल्याच्या मेल कोणापर्यंत पोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तास आधीची एक कॉपी कोणीतरी काढून ठेवली होती म्हणून बचावले.

पायरी ५: कोण कोणाकडे जाणार

भोसरीचे सर्व्हर कोथरूडला डेटा ढकलणार की कोथरूडचं मशीन जाऊन ओढणार? ओढा. ढकलायचं ठरवलं तर प्रत्येक सर्व्हरकडे बॅकअप मशीनची चावी असते, म्हणजे एक सर्व्हर हॅक झाला की बॅकअपही हॅकरच्या हातात. ओढलं तर चावी फक्त कोथरूडकडे. एसएसएच की बनवा, सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये त्या कीला फक्त तेवढीच एक कमांड चालवायची परवानगी द्या, आणि कोथरूडच्या मशीनवर बाहेरून कोणालाच लॉगिन ठेवू नका.

पायरी ६: टेपवर लिहिणे

टार हे नावच टेप आर्काइव्हवरून आलंय, १९७९ च्या युनिक्सपासून आहे, आणि आजही टेपवर लिहायला यापेक्षा साधं काही नाही. टारला आउटपुट फाईलच्या जागी टेपचं डिव्हाइस दिलं की झालं. पण तीन गोष्टी करा.

पहिली, एमटीला सेट-ब्लॉक शून्य सांगा, म्हणजे ड्राइव्ह कोणत्याही साईजचा ब्लॉक घेईल. दुसरी, टारचा ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ ठेवा, म्हणजे ५१२ गुणिले ५१२ बाइट, २५६ केबीचा एक ब्लॉक. मुळात तो २० असतो, १० केबी, त्याने ड्राइव्ह रांगतो. ही साईज टेपच्या लेबलवर पेनाने लिहा, कारण दुसऱ्या कोणीतरी पाच वर्षांनी लहान ब्लॉक धरून वाचायला घेतली तर मेमरी कमी पडते असा विचित्र एरर येतो आणि टेप खराब आहे असं समजून तो ती टाकून देतो. तिसरी, टार आणि टेपच्या मध्ये एमबफर घाला. तो रॅममध्ये डेटा साठवतो, ८ जीबी द्या, आणि मोठा पी या पर्यायाने ९० टक्के भरल्याशिवाय टेपला सुरू करू नको असं सांगता येतं. छोट्या छोट्या लाखभर फाईली वाचताना डिस्क अडखळते तेव्हा हाच साठा टेपला पळत ठेवतो. एमबफरलाही ब्लॉक साईज २५६ केबीच सांगा, शेवटी टेपवर लिहिणारा तोच असतो.

डिस्क मध्ये ठेवणं जमणारच नसेल आणि नेटवर्क दहा गिगाबिटचं असेल तर हीच साखळी सरळ नेटवर्कवरून चालते: सर्व्हरवर टार, त्याचं आउटपुट एसएसएचमधून, इकडे एमबफर, मग टेप. जीएनयू टारमध्ये होस्टचं नाव, कोलन आणि डिव्हाइस देऊन रिमोट टेपवर थेट लिहायची जुनी सोय पण आहे, ती आरएमटी नावाच्या प्रोग्रामवर चालते, मूळची आरएसएचसाठी, आता एसएसएच लावून वापरता येते. मी वापरत नाही, मध्ये साठा नसतो आणि प्रत्येक ब्लॉकला उत्तराची वाट बघत बसते.

प्रत्येक सर्व्हरचं आर्काइव्ह वेगळं लिहा, दोन आर्काइव्हच्या मध्ये फाईलमार्क, म्हणजे इथे एक संपलं अशी खूण, आपोआप पडते. लिहिताना फाईलींची यादी एका टेक्स्ट फाईलीत घ्या, नाव टेपच्या नंबरावरून, आणि ती तीन ठिकाणी ठेवा. यादी नसेल तर एक फाईल शोधायला सगळी टेप वाचावी लागते. एन्क्रिप्शन एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच असतं, एस-टेंक नावाच्या टूलने चालू होतं, फक्त त्याची चावी त्याच मशीनवर एकुलती एक ठेवू नका. छापून, पाकिटात सील करून दोन वेगळ्या ठिकाणी.

पायरी ७: कोणती टेप कधी

भोसरीला गुरुवारची सुट्टी आणि पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, दोन्ही धरून आखलंय. बुधवारी रात्री फुल, पहाटेपर्यंत संपतो, टेप बाहेर. गुरुवारी सकाळी नऊनंतर काहीही लिहायला लावू नका, यूपीएस असला तरी. बाकी दिवसांचं जे बदललं ते आठवड्याच्या एका टेपवर मागे जोडत जायचं, त्याआधी एमटीला एंड-ऑफ-डेटा सांगायचं. अशा दोन टेप आलटून पालटून. बुधवारच्या ४, आणि महिन्याच्या शेवटच्या बुधवारची महिन्याची म्हणून वेगळी, त्या १२. एकूण १८, शिवाय २ कोऱ्या आणि १ क्लीनिंग टेप.

महिन्याची टेप काढली की तिची खाच लगेच लॉकवर सरकवा, म्हणजे तिच्यावर परत लिहिलं जात नाही. बारकोडची लेबलं वापरा, सहा अक्षरं आणि मागे टेपची पिढी. आणि पुढे ड्राइव्ह बदलताना हे लक्षात ठेवा: एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे, एलटीओ-८ आणि ९ एकच. म्हणजे आजची एलटीओ-७ टेप एलटीओ-९ वाचत नाही. ८ वर्षं वह्या जपायच्या असतील तर ड्राइव्हही जपायला लागतो.

टेप ठेवायला १६ ते २५ डिग्री आणि ओलावा २० ते ५० टक्के चांगला. पावसाळ्यात पुण्यात ओलावा कुठच्या कुठे जातो, त्यामुळे बंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा मीटर. टेप उभ्या ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत सोडू नका, बाहेरून आणलेली टेप एक दिवस खोलीत राहू द्या मग ड्राइव्हमध्ये घाला. हातातून पडली तर तिच्यावर नवीन बॅकअप घेऊ नका, आतली पट्टी ओढणारी पिन हलली असेल तर ड्राइव्हच अडकतो. क्लीनिंग टेप दर आठवड्याला उगाच घालायची नाही, ड्राइव्ह स्वतः मागतो, टेप-अलर्टमध्ये (ड्राइव्हच्या इशाऱ्यांची यादी) २० नंबरचा फ्लॅग आला की घाला.

सर्व्हर दहाच्या वर गेले की स्क्रिप्ट सांभाळणं अवघड होतं, मग बॅक्युला किंवा बॅरिऑस ही तयार बॅकअप सॉफ्टवेअर बघा. डायरेक्टर, स्टोरेज आणि क्लायंट असे तीन भाग, पोर्ट ९१०१ ते ९१०३, मध्ये डिस्कवर साठवून मग टेपवर सोडायची सोय त्यात तयार आहे. त्यांचा कॅटलॉग, म्हणजे कोणती फाईल कुठल्या टेपवर याची नोंद, डेटाबेसमध्ये असतो, त्याचाही बॅकअप लागतो. पण आधी महिनाभर टार आणि एमटी हाताने करा, नाहीतर आत काय चाललंय ते कधीच कळणार नाही.

पायरी ८: परत आणून बघा

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी लाईट परत आल्यावर, मी हे करतो. अकाउंट्समधल्या एकांना फोन लावतो आणि विचारतो, ताई, गेल्या महिन्यातली एखादी फाईल सांगा, कुठलीही. फाईल मी निवडत नाही, कारण मी निवडली तर नकळत सोपीच निवडेन. मग यादीत शोधतो कोणती टेप, कितवं आर्काइव्ह. टेपची खाच लॉकवर करून घालतो, रिवाइंड, आणि एमटीला फॉरवर्ड-स्पेस-फाईल सांगतो. मोजणी शून्यापासून आहे, चौथं आर्काइव्ह हवं असेल तर तीन पुढे. गोंधळलात तर अंदाज करू नका, रिवाइंड करून पहिल्यापासून मोजा. फाईल नेहमी वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये काढायची, चालू सर्व्हरवर कधीही नाही. शा-२५६ चेकसम (फाईल बदलली नाही ना हे सांगणारा तिच्यावरून काढलेला आकडा) लिहिताना घेतला होता त्याच्याशी जुळवतो आणि ताईंना पाठवतो, त्या उघडून बघतात आणि हो म्हणतात.

वर्षातून एकदा एक पूर्ण सर्व्हर रिकाम्या मशीनवर उभा करतो, आणि तेव्हा ड्राइव्हसमोर ज्युनियर बसतो, मी फक्त शेजारी.

रजिस्टरमध्ये तारीख, टेप नंबर, फाईल, चेकसम जुळला का आणि किती वेळ लागला एवढे पाच कॉलम. मागच्या वेळी ताईंनी जूनचं एक पर्चेस रजिस्टर मागितलं होतं, फोन ठेवल्यापासून त्यांच्या स्क्रीनवर उघडेपर्यंत १९ मिनिटं, त्यातली ७ टेप शोधण्यात गेली कारण डब्यात ती चुकीच्या खणात होती. आता खणांनाही नंबर चिकटवलेत.